दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश मोहीमपदकं: कोणाला मिळाली, कोणाची हुकली?

क्लाइडकाठी (धागाकर्ता)

व्हिक्टोरिया क्रॉस, मिलिटरी क्रॉस वगैरे शौर्यपदकांवर मराठीत बरंच लिहून झालंय. हा धागा त्याखालच्या पदकांबद्दल आहे. मोहिमेचं पदक मिळवायला पराक्रम करावा लागत नाही. ठरलेल्या आघाडीवर, ठरलेल्या तारखांच्या आत तुमची हजेरी लागलेली असली की झालं. साध्या शिपायाच्या, खलाशाच्या छातीवर दिसतात ती बहुतेक हीच. गंमत म्हणजे शौर्यपदकांपेक्षा जास्त भांडणं याच हजेरीच्या पदकांवरून झाली, आणि त्यातलं एक तर जवळजवळ सत्तर वर्षं चाललं.

आधी पदकं कोणती ते सांगतो. युद्ध संपता संपता ब्रिटनने आठ तारे ठरवले होते: १९३९-४५ स्टार, अटलांटिक, एअर क्रू युरोप, आफ्रिका, पॅसिफिक, बर्मा, इटली, आणि फ्रान्स अँड जर्मनी. सगळे एकाच साच्यातले. सहा टोकं, तांबं-जस्ताचा पिवळा मिश्रधातू, मधोमध सहाव्या जॉर्जची राजमुद्रा आणि भोवतीच्या कड्यावर ताऱ्याचं नाव. लांबून ओळखायचे ते फितीवरून. फितींचे रंग खुद्द राजाने ठरवले असं सांगतात. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा लष्कराचा, आणि दोन्ही अंगांना एक गडद निळी रेघ नौदलाची, एक आकाशी हवाई दलाची. बर्मा स्टारच्या फितीत नारिंगी रेघा आहेत, त्या सूर्याच्या. इटलीवाल्यांना सरळ इटलीच्या झेंड्याचे रंग.

याशिवाय दोन गोल पदकं. वॉर मेडल, २८ दिवस पूर्णवेळ नोकरी झालेल्या कुणालाही. दुसरं डिफेन्स मेडल, मुख्यतः घरच्या आघाडीवरच्यांना. त्याची फीत मला सगळ्यात आवडते. मधे आगीचा नारिंगी, कडेला ब्रिटनच्या शेतांचा हिरवा, आणि त्या हिरव्यातून जाणारी काळी बारीक रेघ ब्लॅकआउटची, म्हणजे हवाई हल्ल्यांमुळे रात्री दिवे झाकायचे त्याची.

आता भांडणाकडे येतो. मी स्कॉटलंडमध्ये राहतो. इथून उत्तरेला लॉक यू नावाची खोल खाडी आहे. १९४२ पासून तिथून मालवाहू जहाजांचे तांडे निघायचे ते रशियाच्या मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क बंदरांना, रणगाडे, विमानं, दारूगोळा घेऊन, स्टालिनच्या मदतीला. पहिला तांडा त्याआधीच, ऑगस्ट १९४१ मध्ये पोचला होता. वरून नॉर्वेतल्या तळांवरची जर्मन विमानं, खालून पाणबुड्या. डेकवर उडालेलं पाणी जागीच गोठायचं आणि त्या बर्फाच्या वजनाने जहाज कलंडू नये म्हणून खलाशी कुऱ्हाडी घेऊन तो फोडत बसायचे. जुलै १९४२ च्या पीक्यू-१७ तांड्याला 'पांगा' असा हुकूम लंडनहून सुटला, संरक्षक नौका बाजूला गेल्या, आणि पस्तीसेक मालवाहू जहाजांपैकी २४ बुडाली. सगळे तांडे मिळून तीन हजारांच्या आसपास माणसं त्या पाण्यात गेली.

या लोकांना आर्क्टिकचं वेगळं पदक नव्हतं. सरकारचं म्हणणं, अटलांटिक स्टार आहे की, त्यातच आलं सगळं. पण अटलांटिक स्टारला आधी सहा महिने समुद्रावर काढून १९३९-४५ स्टार मिळवायचा, मग आणखी सहा महिने काढायचे. रशियाच्या दोन खेपा करून आलेला विशीतला पोरगा या गणितात बसायचाच असं नाही. म्हाताऱ्यांनी अर्ज केले, खासदारांना पत्रं लिहिली, मोर्चे काढले. २००६ च्या सुमाराला त्यांच्या हातावर कोटाला लावायचा एक बिल्ला ठेवण्यात आला, आर्क्टिक एम्ब्लेम. शेवटी २०१२ मध्ये सर जॉन होम्स यांनी आढावा घेतला आणि २०१३ मध्ये आर्क्टिक स्टार निघाला. अट एकच, युद्धकाळात आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला ड्यूटीवर गेलेले असणं. किमान दिवसांची भानगड नाही. तोवर बहुतेक सगळे गेलेले होते. वारसांना अर्ज करता येतो, ही त्यातल्या त्यात सोय.

माझं मत असं की हा उशीर आळसाने झालेला नाही. नियम राखण्याच्या हट्टाने झालाय. इतरांना काय वाटतं? आणि अशी आणखी कोणती प्रकरणं माहीत आहेत?

मिरजेचा_तंबोरा

वाचतोय. एक बाळबोध शंका. नियम ठरवतं कोण? राजा, लष्कर की मंत्री?

क्लाइडकाठी

@मिरजेचा_तंबोरा, सन्मान आणि पदकांसाठी एक कायमची समिती आहे. त्यात मुख्यतः बडे अधिकारी. ती शिफारस करते आणि राजा किंवा राणी मंजूर करते. या समितीचे दोन नियम दगडावरची रेघ समजले जातात. एक, घटनेला पाच वर्षं उलटली की त्यासाठी नवं पदक नाही. दोन, एकाच सेवेला दोन पदकं नाहीत. आर्क्टिकवाले दोन्हींत अडकले.

याचा सगळ्यात हास्यास्पद प्रसंग २०१२ चा. रशियाने या म्हाताऱ्या खलाशांना उशाकोव्ह पदक देऊ केलं. ब्रिटिश परराष्ट्र खात्याने पाच वर्षांचा नियम पुढे केला आणि परवानगी नाकारली. म्हणजे स्वतः द्यायचं नाही आणि दुसऱ्याने दिलेलं घेऊ द्यायचं नाही. पुढच्या वर्षी माघार घेतली म्हणा.

रणगाडा_भाऊ

उत्तम धागा. यात आठच्या आकड्याचं प्रकरण आलंच पाहिजे, म्हणून जरा सविस्तर.

आफ्रिका स्टार सोपा होता. १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात आघाडीच्या प्रदेशात एक दिवस असलात तरी पुरे. पण त्यावर आणखी एक मान होता, 'एट्थ आर्मी' असं कोरलेली पट्टी. नुसती फीत लावायची असेल तर तिच्यावर चांदीचा बारीक ८. आता ऐका. एट्थ आर्मी, म्हणजे ब्रिटिशांचं आठवं सैन्य, त्या नावाने उभं राहिलं सप्टेंबर १९४१ मध्ये. आणि ८ कोणाला? तर २३ ऑक्टोबर १९४२ नंतर त्या सैन्यात असलेल्यांना. २३ ऑक्टोबर म्हणजे ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीची इजिप्तमधली अल-अलामेनची लढाई सुरू झाली तो दिवस.

त्याआधीचं सगळं खातं कोरं. १९४१ मध्ये आठ महिने लिबियातल्या तोब्रुकच्या वेढ्यात उंदरांसारखे बिळात राहिले ते, त्यांची सुटका करायला गेलेले, जुलै ४२ मध्ये त्याच अलामेनपाशी जर्मन सेनापती रोमेलला पहिल्यांदा थोपवून धरणारे, यातला जो जखमी होऊन किंवा पलटण हलली म्हणून ऑक्टोबरात तिथे नव्हता, त्याला ८ नाही. उलट ट्युनिशियात शेवटच्या दिवसांत आलेल्या नव्या भरतीच्या शिपायाच्या फितीवर ८ चमकतोय. बरोबर बसल्यावर जुन्या माणसाला काय वाटत असेल! विजयाच्या दिवसापासून हिशेब धरला की असंच होणार.

ताऱ्यांची कमाल मर्यादा पाच होती. काही जोड्यांत एकच घ्यायचा. बर्मा आणि पॅसिफिक दोन्ही कमावले तर पहिला मिळालेला तारा आणि दुसऱ्याची पट्टी. अटलांटिक, एअर क्रू युरोप, फ्रान्स अँड जर्मनी या तिघांतही तसंच.

क्लाइडकाठी

@रणगाडा_भाऊ, या आफ्रिका स्टारवरच चर्चिल २२ मार्च १९४४ ला पार्लमेंटात बोलला होता. त्याचं म्हणणं होतं की असे नियम कोणी कितीही डोकं लढवून केले तरी निर्दोष होणार नाहीत, सगळ्यांना खूश करायला गेलं तर कोणीच खूश होत नाही. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य: पदक चमकतं, पण त्याची सावलीही पडते.

माणूस बोलायला पक्का होता, पण माझा आक्षेप आहे. सावली पडते म्हणून ती कुठे पडावी हे सोयीने ठरवायचं का?

आणि हेही लक्षात घ्या की तेव्हा कोणाकडेही तारा नव्हताच. लढाई चालू असताना धातू पदकांसाठी वाया घालवणं परवडणारं नव्हतं. जाहीर झालेल्या ताऱ्यांची नुसती फीत मिळायची. सव्वा इंचाच्या कापडी तुकड्यावर शिपाई एकमेकांची कुंडली वाचायचे. तारे वाटायला सुरुवात झाली १९४८ मध्ये.

माईची_लेक

मी एरवी नुसती वाचक. हा धागा बघून माहेरी फोन केला आणि भावाकडून फोटो मागवले. आमचे आजोबा, आईचे वडील, मराठा पलटणीत होते. गाव सातारा जिल्ह्यात. घरात त्यांच्या चार मेडलांची एक पट्टी आहे, तीन चांदण्या आणि एक गोल. गोलावर सिंह आहे आणि त्याच्या पायाखाली कसलं तरी दोन तोंडांचं जनावर. फिती इतक्या विटल्यात की रंग सांगणं अवघड, एक मात्र मातकट आहे आणि एकीत हिरवं-लाल दिसतंय. एका चांदणीच्या पाठीवर नंबर आणि नाव ठोकलेलं आहे, नावाचं इंग्रजी स्पेलिंग असं की आजोबांनी स्वतः ओळखलं नसतं.

त्यांचे धाकटे भाऊही पलटणीत, पण ते बेळगावातच शिकवायला राहिले, लढाईवर गेले नाहीत. त्यांचीही दोन गोल मेडलं आहेत. एक तेच सिंहाचं. दुसऱ्यावर हिंदुस्थानचा नकाशा.

जाणकारांनी वाचून दाखवावं. आईला सांगायचंय.

रणगाडा_भाऊ

@माईची_लेक, ताई, तुमच्याकडे खजिना आहे. आधी सिंह. ते वॉर मेडल. पायाखालच्या प्राण्याचं एक तोंड गरुडाचं, एक ड्रॅगनचं. पश्चिमेचा शत्रू आणि पूर्वेचा शत्रू. ते दोघा भावांना मिळणारच होतं.

मातकट फीत आफ्रिका स्टारची. हिरवं-लाल म्हणजे नक्की इटली स्टार. तिसरी चांदणी १९३९-४५ स्टार असणार, कारण तिच्याशिवाय बाकीच्या सहसा नसतात. म्हणजे आजोबा उत्तर आफ्रिकेत किंवा इरिट्रियात होते आणि मग इटलीत. केरेनची लढाई, फेब्रुवारी-मार्च १९४१, इरिट्रियाच्या डोंगरात झाली आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्यांच्यापैकी तिसरी बटालियन पुढे इटलीतही लढली. यशवंत घाडगे हे माणगावकडचे नाईक त्याच बटालियनचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, पहिल्या बटालियनचे. त्यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर. ते परत आले.

मातकट फितीवर धातूची 'एट्थ आर्मी' पट्टी शिवलेली आहे का ते बघा. नसेल तर ऑक्टोबर ४२ नंतर तिकडे नव्हते, किंवा पट्टी निखळून पडली.

नाव ठोकलेलं आहे हे फार महत्त्वाचं. गोऱ्या ब्रिटिश सैनिकाच्या ताऱ्याची पाठ कोरी असते! खर्च वाचवायला त्यांनी नावं घातलीच नाहीत. हिंदी, दक्षिण आफ्रिकी आणि नंतर आरडाओरडा करून ऑस्ट्रेलियन, यांच्या ताऱ्यांवर नावं आली. लंडनच्या माणसाचा तारा बाजारात गेला की बेवारस. तुमच्या आजोबांचा कुठेही सापडला असता तरी त्यांचाच.

माईची_लेक

बापरे. पट्टी नाहीये, आत्ताच विचारलं. केरेन! आई म्हणते आजोबा 'किरण'ची लढाई म्हणायचे आणि आम्हा पोरांना वाटायचं किरण नावाचा कोणी साहेब असेल.

धाकट्या आजोबांचं नकाशावालं?

रणगाडा_भाऊ

इंडिया सर्व्हिस मेडल. फक्त हिंदी फौजांसाठी काढलेलं. हिंदुस्थानात तीन वर्षं, लढाईच्या क्षेत्राबाहेर नोकरी. ज्याला डिफेन्स मेडल लागू होई त्याला हे नाही. एक बारीक खोच बघा. विलायतेहून आलेल्या गोऱ्या शिपायाने हिंदुस्थानातल्या छावणीत एक वर्ष काढलं की 'परमुलखातली सेवा' म्हणून डिफेन्स मेडल. त्याच छावणीतल्या हिंदी शिपायाला नकाशावाल्यासाठी तीन वर्षं. हा त्याचाच मुलूख ना, मग सेवा कसली!

पदक जाहीर झालं जून १९४६ मध्ये. पुढच्या ऑगस्टात तो नकाशाच राहिला नाही.

कोरा_कागद

माफ करा, पण थोडं विरजण घालतो. परक्या राजाच्या साम्राज्यासाठी लढल्याचे बिल्ले आहेत हे. पंचवीस लाख हिंदी माणसं त्या फौजेत होती, ८७ हजारांच्या वर मेली, त्याच काळात बंगालात माणसं भुकेने मरत होती. ताऱ्यांवर जी राजमुद्रा आहे तिच्यात जीआरआय अशी अक्षरं आहेत, त्यातला 'आय' कशाचा? इंपरेटर, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. पदकांचा हा सगळा गौरव मला खटकतो. ज्याला आर्क्टिक स्टार उशिरा मिळाला त्या ब्रिटिश खलाशाचं ठीक, तो त्याच्या देशासाठी लढला.

क्लाइडकाठी

@कोरा_कागद, मुद्दा रास्त आहे. त्या 'आय'बद्दल आणखी एक. पदकं वाटायला सुरुवात झाली १९४८ मध्ये आणि त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनच्या राजाने हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी अधिकृतपणे सोडली. साचे जुनेच. बंद झालेल्या दुकानाचा शिक्का मारून लाखो तारे लोकांच्या घरी पोचले.

पण स्वतंत्र भारताच्या लष्करानेही ही पदकं फेकून दिली नाहीत हेही खरं. १९५० नंतरचे फोटो बघा. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात घ्या. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात कंगॉच्या लढाईत डीएसओ हा अधिकाऱ्यांचा लष्करी सन्मान मिळवलेला माणूस, पुढे भारतीय लष्करात लेफ्टनंट जनरल. त्यांच्या पिढीच्या अधिकाऱ्यांच्या छातीवर भारतीय पदकांमागे बर्माच्या फिती दिसतातच.

माईची_लेक

@कोरा_कागद, तुमचं म्हणणं पटतं आणि तरी राग आला, म्हणून लिहिते. आजोबांना भरती करताना कोणी साम्राज्य समजावलं नव्हतं. कोरडवाहू तीन एकर आणि पाच भाऊ होते. दर महिन्याची मनीऑर्डर यायची तेव्हा चूल पेटायची. त्यांनी ती मेडलं आयुष्यात एकदाच लावली, मामाच्या लग्नात, तीही आजीने हट्ट केला म्हणून. गौरव कोण करतंय? कुठे जाऊन आला माणूस, एवढं तरी कळू दे की आम्हाला.

कोरा_कागद

हे वाचून गप्प बसतो. मेडलांबद्दलचं मत तेच आहे, माणसांबद्दल नव्हतं.

विमानवेडी

मला बॉम्बर कमांडबद्दल, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाबद्दल, लिहायचंच होतं. सव्वा लाखाच्या आसपास वैमानिक आणि विमानातली इतर माणसं, त्यातली ५५,५७३ मेली. इतकं मरणाचं प्रमाण ब्रिटिश फौजांत फार थोड्या ठिकाणी असेल. तरी युद्धानंतर त्यांचं स्वतःचं मोहीमपदक काही निघालं नाही. ड्रेस्डेन या जर्मन शहरावरच्या बॉम्बफेकीनंतर राजकारण्यांना तो विषयच अंगाबाहेर टाकायचा होता, हे त्यामागचं कारण असं बहुतेक जण मानतात आणि मलाही तसंच वाटतं.

त्यांना एअर क्रू युरोप स्टार मिळायचा, पण त्याची मुदत ५ जून १९४४ ला संपली. दुसऱ्या दिवशी नॉर्मंडीत सैन्य उतरलं आणि तेव्हापासून फ्रान्स अँड जर्मनी स्टार सुरू. म्हणजे तेच विमान, तीच माणसं, तेच जर्मन शहर, पण ४ जूनच्या रात्रीला एक तारा आणि ८ जूनच्या रात्रीला दुसरा. दोन्ही कमावले तरी छातीवर एकच, हे वर रणगाडा_भाऊंनी सांगितलंच आहे. म्हणून एअर क्रू युरोप दुर्मीळ आहे, बाजारात इतर ताऱ्यांच्या कितीतरी पट भाव खातो आणि त्याच्या नकलाही सगळ्यात जास्त. विकत घेणाऱ्यांनी जपून.

२०१३ मध्ये आर्क्टिक स्टारबरोबरच बॉम्बर कमांडची पट्टी निघाली, १९३९-४५ स्टारच्या फितीवर लावायची. पदक नाही, पट्टी. तीही फक्त उडणाऱ्यांना. लिंकनशायरच्या उघड्या माळावर, जानेवारीच्या रात्री पंखावर उभं राहून उघड्या बोटांनी लँकेस्टर बॉम्बर विमानाचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या फिटरला काय? डिफेन्स मेडल. पहाटे विमानं परत येताना मोजत उभा राहणारा हाच माणूस होता.

मिरजेचा_तंबोरा

आणि साधे नागरिक? लंडनमध्ये बॉम्ब पडत होते तेव्हा आगी विझवणारे वगैरे?

कोळशाची_वखार

त्यांना डिफेन्स मेडल होतं. अग्निशमनवाले, हवाई हल्ल्याचे वॉर्डन, होम गार्ड. साधारण तीन वर्षं सेवा हवी.

पण माझा आवडता विषय बेव्हिन बॉइज. डिसेंबर १९४३ मध्ये कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिनच्या लक्षात आलं की सगळे तरुण फौजेत गेले आणि खाणीत कोळसा काढायला कोणी उरलं नाही. मग सोडत काढायची. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा जुळला की पोरगा फौजेऐवजी खाणीत. वैमानिक व्हायची स्वप्नं बघणारी पोरं वेल्स आणि यॉर्कशायरच्या खाणीत कोळसा खणायला गेली. सोडतीने आलेले आणि स्वतःहून खाण निवडलेले मिळून ४८ हजारांच्या घरात. गणवेश नाही, त्यामुळे रस्त्यात लोक विचारायचे, तू रे कसा घरी? पोलीस पळपुटा समजून अडवायचे. युद्ध संपल्यावर पदक तर नाहीच, जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्कही नाही. २००८ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउनने पहिले बिल्ले वाटले. वॉर मेडल २८ दिवसांत मिळतं, आणि हे खाली तीन-तीन, चार-चार वर्षं.

जुनी_वही

अवांतर, पण पहिल्या महायुद्धाची पद्धत उलटी होती. तेव्हाची पदकं मागावी लागत नव्हती, सरकार आपणहून पाठवायचं आणि कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असायचं. १९१४ किंवा १९१४-१५ चा तारा, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल हे त्रिकूट इतकं घरोघरी होतं की लोकांनी त्यांना वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतली नावं दिली, पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड. त्यातलं वॉर मेडल चांदीचं. १९८० च्या आगेमागे चांदी कडाडली तेव्हा इंग्लंडात ढिगाने वितळवली गेली. आमच्याकडे त्याला चांदी कडाडायची गरज पडली नाही. चुलत आजोबा मेसपोटहून, म्हणजे आताच्या इराकमधून, आले, त्यांच्या मेडलाचे आत्याच्या लग्नात पैंजण झाले.

दुसऱ्या युद्धात ब्रिटिश लष्करातून सुटलेल्या शिपायाला अर्ज करावा लागे. केला की टपालाने पुठ्ठ्याचा लहान डबा यायचा, आत सुटी पदकं, फितीचे तुकडे आणि एक छापील चिठ्ठी. लाखोंनी अर्जच केला नाही. मी ज्यांच्याकडे कामाला होते त्या म्हाताऱ्या ब्रिटिश गृहस्थांचा डबा टपालाच्या कागदात तसाच होता. ते इटलीत होते. नॉर्मंडीवाल्यांनी त्यांना 'डी-डे चुकवणारे' (डी-डे म्हणजे नॉर्मंडीत उतरण्याचा दिवस) म्हणून चिडवलं होतं, तो राग नव्वदीतही होता. रोम ४ जूनला पडलं आणि दोन दिवसांत वर्तमानपत्रांत नॉर्मंडीच नॉर्मंडी.

रणगाडा_भाऊ

@जुनी_वही, पैंजण! हे वाचून छातीत कळ आली.

ज्यांच्या घरी पदकं आहेत त्यांना हात जोडून: चकचकीत करू नका. पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काही नाही. घासलं की कडेवरचं नाव आणि नंबर झिजतो, आणि तेवढाच तर पुरावा असतो. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा. विटकी फीत फेकू नका, नवी लावायची तर जुनी पाकिटात जपून ठेवा. लॅमिनेट तर मुळीच नको, एका घरी फितीसकट लॅमिनेट केलेला बर्मा स्टार पाहिलाय.

माईची_लेक

बरं झालं सांगितलंत, भाऊ परवाच चिंच लावायच्या बेतात होता.

आता पुढे काय करायचं? आजोबा कुठल्या बटालियनला, केव्हा कुठे होते हे कळू शकेल का? इंग्लंडला लिहायचं का?

क्लाइडकाठी

@माईची_लेक, इंग्लंडला लिहून उपयोग नाही. इथलं मेडल ऑफिस ब्रिटिश फौजांचं बघतं. हिंदी लष्करातल्या शिपायांची सेवापुस्तकं रेजिमेंटांकडे राहिली, म्हणजे तुमच्यासाठी बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस. साधा अर्ज करा. ताऱ्याच्या पाठीवरचा नंबर, जसा आहे तसा, अक्षरासकट लिहा. नावापेक्षा तो महत्त्वाचा, कारण एका पलटणीत एकाच नावाचे डझनभर असायचे. गाव, तालुका, वडिलांचं नाव, आणि आजीला पेन्शन मिळत असेल तर तो पेन्शन क्रमांक जोडा. इतक्या जुन्या काळचं प्रत्येकाचं सापडतंच असं नाही, तेव्हा बटालियनची युद्धडायरीही शोधू. तिच्यात शिपायांची नावं नसतात, पण कोणत्या दिवशी कोणत्या टेकडीवर होते ते असतं.

धाकट्या आजोबांचा नंबरही त्याच अर्जात घाला.

माईची_लेक

पेन्शन बुक मामाकडे आहे. मामा कुठलाही कागद हातातून सोडत नाही, त्यामुळे मलाच जावं लागेल. त्या स्पेलिंगमुळे अर्ज अडकेल का? आधार कार्डावर मामाचं आडनाव वेगळंच आहे.

रणगाडा_भाऊ

अडकेल. दोन्ही स्पेलिंग लिहा, खाली तलाठ्याचा वारसदाखला जोडा. आणि मामासाठी पेढे न्या.